इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी अर्ज : कोण करू शकतो, कागद कोणते, सॅम्पल कसे द्यायचे

कॉलेजच्या प्रयोगशाळेत झिंक ऑक्साइडचे किंवा चांदीचे नॅनोकण तयार करता येतात. अडते ते पुढे, कण खरोखर तेवढे बारीक आहेत हे दाखवायची वेळ आली की. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, साध्या मायक्रोस्कोपच्या आवाक्याबाहेरचा. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची किंमत कोटींत जाते, त्यामुळे बरेच विद्यार्थी तिथेच थांबतात. थांबू नका. पवईच्या आयआयटीत ‘सैफ’ (सोफिस्टिकेटेड अॅनालिटिकल इन्स्ट्रुमेंट फॅसिलिटी) ही महागड्या उपकरणांची सामायिक सुविधा आहे. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने ती १९७६ साली ‘आरएसआयसी’ या नावाने सुरू केली आणि बाहेरच्यांनी वापरावी हाच तिचा हेतू. मुंबई विद्यापीठाचेही कालिन्याला नॅनोविज्ञान केंद्र आहे. देशभरातली अशी उपकरणे एकत्र शोधायची तर जानेवारी २०२० पासून ‘आय-स्टेम’ हे सरकारी पोर्टल आहे आणि त्यावरची नोंदणी मोफत आहे.

अर्ज कोणीही संशोधक करू शकतो : एम.एस्सी., पीएच.डी.चे विद्यार्थी, प्राध्यापक, सरकारी प्रयोगशाळा, कंपन्या. विद्यार्थ्याचा अर्ज मात्र गाईडच्या मार्फत जातो. शुल्काचे दर सहसा तीन : शिक्षणसंस्थांना सर्वांत कमी, सरकारी संशोधन संस्थांना त्याहून जास्त, उद्योगांना सर्वांत जास्त. वर जीएसटी. आकारणी कुठे तासावर, कुठे सॅम्पलवर असते, म्हणून चालू दरपत्रक पाहूनच गाईडकडे पैशांचा विषय काढा.

कागदपत्रे फार नाहीत. संस्थेच्या लेटरहेडवर गाईडचे किंवा विभागप्रमुखांचे विनंतीपत्र, सही-शिक्क्यासह. संस्थेचे ओळखपत्र. भरलेला सॅम्पल फॉर्म. पैसे भरल्याची पावती. कंपनी असेल तर जीएसटी क्रमांक. रसायन घातक असेल तर त्याचे सुरक्षा माहितीपत्रक, आणि जंतू किंवा ऊती असतील तर त्या निर्जंतुक, निष्क्रिय केल्याचे लेखी.

मशीन कोणते मागायचे हे आधी ठरवा. पृष्ठभाग कसा आहे, कण एकमेकांना कसे चिकटलेत हे पाहायचे तर एसईएम, म्हणजे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. कणाच्या आत, स्फटिकातल्या अणूंच्या रांगांपर्यंत जायचे तर टीईएम, म्हणजे ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. टीईएममध्ये इलेक्ट्रॉन सॅम्पलच्या आरपार जावे लागतात, त्यामुळे जाडी साधारण १०० नॅनोमीटरच्या आत हवी. कोणती मूलद्रव्ये आहेत हेही हवे असेल तर ईडीएस (क्ष-किरणांवरून मूलद्रव्ये ओळखणारी तपासणी) वेगळे मागा. ते बहुधा आपोआप मिळत नाही.

माझ्या मते अर्जाचा जीव सॅम्पलच्या रकान्यात असतो, आणि विद्यार्थी नेमके तिथेच दोन शब्द लिहून मोकळे होतात. मी पहिल्यांदा ‘मेटल ऑक्साइड पावडर’ एवढेच लिहिले होते. अर्ज परत आला. माझे सॅम्पल आयर्न ऑक्साइडचे होते, म्हणजे चुंबकीय. टीईएमच्या भिंगाचे चुंबकीय क्षेत्र इतके जबर असते की सैल कण ग्रिडवरून, म्हणजे सॅम्पल ठेवायच्या बारीक जाळीवरून, सुटून भिंगाच्या ध्रुवाला जाऊन चिकटू शकतात आणि मशीन बंद पडते. ऑपरेटरने सावध राहावे म्हणून तो रकाना असतो. म्हणून सगळे लिहा : रासायनिक सूत्र, चुंबकीय आहे की नाही, ओलावा किंवा तेल आहे का, इलेक्ट्रॉनच्या झोताखाली वितळेल का, अंदाजे आकार किती, आणि नेमके काय पाहायचे आहे. मशीनच्या आत निर्वात पोकळी असते, तिच्यात ओलसर सॅम्पल जाऊ शकत नाही.

टीईएमचे सॅम्पल बहुतेकदा आपल्यालाच बसवून न्यावे लागते. तांब्याची ग्रिड जेमतेम ३ मिलिमीटरची, त्यावर कार्बनचा पातळ पापुद्रा. चिमूटभर पावडर इथेनॉलमध्ये घालून सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी कण सुटे करणाऱ्या यंत्रात) ठेवा. द्रव किंचितच धूसर दिसला पाहिजे. दुधासारखा झाला तर कण जास्त झाले, पडद्यावर काळे ढीगच दिसतील. ग्रिड चिमट्याने कडेलाच धरा, कार्बनची बाजू वर, एक थेंब सोडा, जादा द्रव फिल्टर पेपरच्या टोकाने टिपून घ्या आणि झाकून रात्रभर सुकू द्या. एसईएमला कार्बन टेपवर पावडरचा पातळ थर पुरतो. वीज न वाहणाऱ्या सॅम्पलवर सोन्याचा किंवा प्लॅटिनमचा मुलामा द्यावा लागतो. तो केंद्रातच देतात, पण फॉर्मवर मागितलेला असावा.

स्लॉटसाठी थांबावे लागते, म्हणून प्रबंधाची मुदत तोंडावर येईपर्यंत अर्जासाठी थांबू नका. तारीख मिळाली की कांजूरमार्गला उतरून पवईचे गेट गाठा, ओळखपत्र आणि मंजुरीचा ईमेल हाताशी ठेवा, ग्रिड ग्रिडबॉक्समध्येच न्या. ऑपरेटरशेजारी बसू देत असतील तर जरूर बसा. कुठल्या कणावर थांबायचे हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक नसते. निघताना स्केल बार (आकार मोजायची रेघ) असलेली छायाचित्रे आणि मूळ फाइल दोन्ही घ्या. पेपर छापताना आभारांत त्या केंद्राचे नाव लिहा, बहुतेक ठिकाणी ती वापराची अटच असते.