हॅश-डिफाइनने सी भाषा मराठी होते का?

‘हॅश-डिफाइन वापरून इफला जर म्हणा, एल्सला नाहीतर म्हणा, झाली तुमची मराठी सी!’ हा समज बरीच वर्षे फिरतो आहे. तो अर्धाच खरा आहे. हॅश-डिफाइन म्हणजे सी या प्रोग्रामिंग भाषेत एका शब्दाजागी दुसरा ठेवायला सांगणारी ओळ; अशा पर्यायी शब्दाला मॅक्रो म्हणतात. जीसीसी या सी कंपायलरच्या (प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाच्या) 10 व्या आवृत्तीपासून देवनागरी नावे थेट चालतात, त्यामुळे प्रयोग यशस्वीही होतो. पण बदलतात फक्त शब्द, व्याकरण नव्हे.

कारण साधे आहे. प्रीप्रोसेसर, म्हणजे हॅश-डिफाइनच्या ओळी हाताळणारा टप्पा, आधी धावतो आणि एका शब्दाजागी दुसरा ठेवतो. वाक्यरचना तपासणारा कंपायलर नंतर येतो, आणि त्याच्या हाती शुद्ध सीच पडते. मराठीत क्रियापद शेवटी येते. ‘वय छाप’ असा क्रम हॅश-डिफाइनने सहज साधत नाही, ‘छाप(वय)’ असेच लिहावे लागते.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतले. स्टीफन बॉर्न यांनी 1979 च्या युनिक्स या संगणक-प्रणालीच्या सातव्या आवृत्तीतला शेल (आज्ञा घेणारा प्रोग्राम) सीमध्येच लिहिला, पण मॅक्रोंनी त्याला अल्गोल 68 या जुन्या भाषेचे रूप दिले. ‘इफ’मागे दडलेला उघडा कंस, ‘देन’मागे बंद कंस आणि उघडी महिरप, शेवटी महिरप मिटवणारा ‘फि’. त्यांना वाचायला ते सोपे वाटले असेल. इतरांना मात्र तो कोड इतका अनोळखी वाटला की 1984 मध्ये सुरू झालेल्या दुर्बोध सी लेखनाच्या स्पर्धेमागची एक प्रेरणा तोच ठरला.

खरोखर रचना बदलायची असेल तर कॉमन लिस्प या भाषेकडे जावे. तिथे कोड यादीच्या रूपात असतो, आणि मॅक्रो ती यादी हातात घेऊन तिचा क्रमच उलटवू शकतो.