समन्यायी पाणीवाटप

नदीखोऱ्यातील वरच्या आणि खालच्या धरणांनी पाण्याची तूट सारख्या प्रमाणात सोसावी, हे कायदेशीर तत्त्व. महाराष्ट्रात ते महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ च्या कलम १२(६)(ग) मध्ये आहे. तूट समन्यायाने वाटली जावी म्हणून दरवर्षी ऑक्टोबरअखेर खोऱ्यातील सर्व जलाशयांतील उपयुक्त पाण्याची टक्केवारी, खरिपाचा वापर धरून, साधारण सारखी राहील असे नियंत्रण ठेवावे, असे हे कलम सांगते. तोवर पावसाळा संपलेला असतो आणि रब्बीची आवर्तने (कालव्यांतून पाणी सोडण्याच्या पाळ्या) ठरवायची असतात. वाटायचे आहे ते पाणी नव्हे, तूट. वादात हा फरक बहुतेक वेळा विसरला जातो.

तत्त्वाची खरी कसोटी गोदावरीच्या ऊर्ध्व खोऱ्यात लागली. पैठणच्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ७७ टीएमसी (अब्ज घनफूट). पण वर नाशिक आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यांत गंगापूर, दारणा, पालखेड, भंडारदरा-निळवंडे, मुळा अशी धरणे. पाऊस बेताचा झाला की वरची भरतात आणि जायकवाडी रिकामे राहते. राज्य शासनाने नेमलेल्या मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये पाणी सोडण्याचे कोष्टक सुचवले. जायकवाडीत खरिपाचा वापर धरून साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरून पाणी सोडायचे. १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर हा हिशेब होतो. प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी त्यावर आधारित आदेश दिला आणि मुंबई उच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१६ च्या निकालात हे कलम वैध ठरवले.

या प्रकरणांत वकिलाला कायद्याइतकेच धरणांचे तक्ते वाचता यावे लागतात. खरिपात किती पाणी वापरले, पिण्यासाठी किती राखले, बाष्पीभवन किती धरले, वहनव्यय (वाटेत मुरून-आटून जाणारे पाणी) किती, यांतला एक आकडा सरकला की सोडायच्या पाण्याचा आकडा सरकतो. नदी कोरडी असेल तर वहनव्यय वाढतो. म्हणून पाणी सोडण्याआधी वाटेतील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढावे लागतात, नदीकाठच्या उपसा पंपांची वीज तोडावी लागते आणि पोलीस बंदोबस्तही लागतो. २०२३ मध्ये सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हाही वरच्या भागातून न्यायालयाची दारे ठोठावली गेली.

धरणांधरणांतील भांडण ते हे. शेतकऱ्याचा हक्क मात्र वेगळ्या वाटेने येतो. २००५ च्याच सिंचन व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीने, म्हणजे क्षेत्रावर नव्हे तर आकारमानावर, पाणी मोजून देण्याची तरतूद केली. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्प हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. तिथे प्रकल्पाचा कारभार संस्थांच्या हाती आहे. मीटर किंवा मापनाची व्यवस्था नसेल तिथे हक्कदारी (संस्थेला ठरवून दिलेला पाण्याचा वाटा) कागदावरच राहते, आणि तिच्यासाठी दाद मागताना आपल्याला किती कमी मिळाले हे संस्थेला दाखवता येत नाही.