थंड पडण्याचे कसब: शिशुधान प्राण्यांची शीतनिद्रा

ऑगस्ट १९६६. ऑस्ट्रेलियात ऐन हिवाळा. व्हिक्टोरिया राज्यातल्या माउंट हॉथमवर स्कीइंगसाठी येणाऱ्यांच्या एका निवासात उंदराएवढा प्राणी सापडला. रॉबर्ट ब्रूम यांनी १८९५ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या वोम्बियन गुहांतील जीवाश्मांवरून ज्याचे वर्णन केले होते, तोच हा बरॅमिस, म्हणजे डोंगरी पिग्मी पॉसम हा पिशवीवाला प्राणी. सत्तर वर्षे नामशेष समजलेला प्राणी जिवंत हाती आला. बर्फाच्या प्रदेशात जेमतेम ४५ ग्रॅमचा हा जीव हिवाळा काढतो कसा, हा प्रश्न ओघानेच पुढे आला.

त्याच्या उत्तराला जुन्या समजुतीची आडकाठी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शरीरक्रियाशास्त्रज्ञ सी. जे. मार्टिन यांनी एकिडना व प्लॅटिपस हे अंडी घालणारे सस्तन प्राणी आणि शिशुधान, म्हणजे पोटाला पिशवी असणाऱ्या प्राण्यांचे तापमान व श्वसन मोजले. तापमान राखण्याच्या क्षमतेची त्यांनी जणू एक शिडी मांडली. एकिडना सर्वांत खाली, शिशुधान प्राणी मधल्या पायरीवर. त्यामुळे एखादा पॉसम गारठून निपचित पडलेला दिसला, की ‘याला ऊब राखताच येत नाही’ असा निष्कर्ष सहज निघे. मला हा त्या प्राण्यांवर झालेला मोठा अन्याय वाटतो.

१९६२ मध्ये जॉर्ज बार्थॉलोम्यू आणि जॅक हडसन यांनी बरॅमिसच्या नातलगाची, पूर्वेकडील पिग्मी पॉसमची शीतनिद्रा, तापमान, हृदयाचे ठोके असे सगळे तपशील मांडले. गारठून बेशुद्ध पडलेल्या प्राण्याला बाहेरून ऊब द्यावी लागते. शीतनिद्रेतला प्राणी मात्र आतूनच उष्णता निर्माण करून पुन्हा जागा होतो. खरा फरक इथे आहे. १९७० मध्ये डॉसन आणि हल्बर्ट यांनी दाखवले, की शिशुधान प्राण्यांचा विश्रांतीतला चयापचय इतर सस्तन प्राण्यांच्या साधारण दोन तृतीयांश असतो. त्यांचे तापमान थोडे कमी असते, पण ते नीट राखलेले असते.

शीतनिद्रा आणि दैनंदिन टॉर्पर यांत गल्लत होते, म्हणून थोडे थांबून सांगतो. टॉर्पर म्हणजे शरीर थंड आणि चयापचय मंद करून सुस्त पडणे. दैनंदिन टॉर्पर काही तासांचा असतो. तापमान बरेचदा १५-२० अंशांच्या आसपास उतरते आणि त्याच दिवशी प्राणी उठून खायला निघतो. शीतनिद्रेचा एकेक टप्पा दिवसांचा, कधी आठवड्यांचा असतो. बरॅमिसचे शरीर तर दोनेक अंशांपर्यंत थंड होते. अधूनमधून तो जागा होतो आणि पुन्हा गारठतो.

आर्मिडेल इथल्या न्यू इंग्लंड विद्यापीठात फ्रिट्झ गायझर यांनी हा विषय अनेक दशके धरून ठेवला. २००७ मध्ये त्यांनी नोंदवलेला प्रयोग मला सर्वांत थक्क करतो: भरपूर खाऊन लठ्ठ झालेले पूर्वेकडील पिग्मी पॉसम ७ अंश तापमानात ठेवले, तेव्हा त्यांतला एक, अन्नाचा कण न घेता, मधूनमधून जागा होत ३६७ दिवस शीतनिद्रेत राहिला. वर्षभराची शिदोरी त्याच्या कातडीखालीच होती.

जागे होणे मात्र महागात पडते. उष्णता देणारी तपकिरी चरबी इतर अनेक शीतनिद्रा घेणाऱ्या प्राण्यांच्या कामी येते, तशी ती शिशुधान प्राण्यांत आढळत नाही. ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत भागातल्या जाड शेपटीच्या डनार्टने, उंदरासारख्या दिसणाऱ्या छोट्या शिशुधान प्राण्याने, यावर तोड काढली आहे. शरीर १५ अंशांच्या आसपास असतानाच तो जड पावलांनी बिळातून रांगत बाहेर येतो आणि अंग पसरून सकाळचे ऊन खातो. खर्चाचा मोठा भाग सूर्यच उचलतो.

हे कसब एकट्या ऑस्ट्रेलियाचे नाही. चिली-अर्जेंटिनाच्या जंगलातला मोनितो देल मोंतेही शीतनिद्रा घेतो, आणि त्याचे नाते दक्षिण अमेरिकेतल्या इतर शिशुधान प्राण्यांपेक्षा ऑस्ट्रेलियातल्यांशी जवळचे आहे. वणव्यानंतर अन्न आणि आडोसा दोन्ही गेलेले अँटेकायनस, म्हणजे ऑस्ट्रेलियातले उंदरासारखे शिशुधान प्राणी, टॉर्पर वाढवून तग धरतात, हेही आता मोजून झाले आहे.

बरॅमिसची काळजी मात्र वाटते. बर्फाचा जाड थर त्याच्यावर दुलईसारखा असतो. त्याखाली तापमान शून्याच्या जवळपास स्थिर राहते. थर पातळ झाला की खालची थंडी वरखाली होते, झोप मोडते आणि प्रत्येक जागेपणी साठवलेली चरबी जळते. वसंतात जाग आल्यावर त्याची भिस्त डोंगरावर येणाऱ्या बोगाँग पतंगांवर असते. २०१७ पासूनच्या दुष्काळात ते पतंगच फार थोडे आले.