हृदयाचा पंप घेऊन घरी येताना : रुग्ण व कुटुंबीयांसाठी माहितीपत्रक

हृदय कमकुवत होऊन औषधांनी गुण येईनासा झाला आणि हृदय प्रत्यारोपणासाठी थांबण्याइतकी उसंत उरली नाही, किंवा प्रत्यारोपण शक्यच नसले, तर डॉक्टर ‘एलव्हॅड’ हा पंप सुचवतात. यांपैकी हार्टमेट ३ या पंपाला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातील रक्त ओढून तो महारोहिणीत (शरीराला रक्त नेणाऱ्या मुख्य धमनीत) सोडतो. त्यातील चक्र चुंबकीय बलावर अधांतरी फिरत असल्याने पंपात गुठळी होण्याचा धोका जुन्या पंपांपेक्षा पुष्कळ कमी आहे. मोमेंटम ३ या चाचणीत हा पंप बसवलेले सुमारे ५८ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात होते.

पंप बसवावा की नाही, हा निर्णय आपला व डॉक्टरांचा आहे. रुग्ण घरी येण्याआधी घर सज्ज करून देणे हे आमचे काम असून, त्यात आम्ही सर्वाधिक लक्ष विजेकडे देतो.

पोटाच्या त्वचेतून बाहेर आलेली ड्राइव्हलाइन, म्हणजे पंपाची वायर, कंट्रोलरला (पंप चालवणाऱ्या छोट्या यंत्राला) आणि कंट्रोलर दोन बॅटऱ्यांना जोडलेला असतो. पूर्ण चार्ज केलेली नवी जोडी सुमारे १७ तासांपर्यंत चालते. बॅटरी बदलताना एका वेळी एकच काढावी. दोन्ही एकदम कधीही नाही. गाढ झोपेत बॅटरी संपत आल्याचा इशारा ऐकू येईलच असे नाही, म्हणून झोपताना पंप घरच्या विजेवर ठेवावा लागतो. ग्यानबाची मेख इथेच आहे : आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण असते आणि दिवे मालवताना घरातले कुणीतरी सवयीने तेही बंद करते. त्यामुळे पलंगाजवळ अर्थिंग तपासलेला स्वतंत्र सॉकेट, बटणाला हात लागणार नाही अशा रीतीने, आम्ही बसवून देतो. वीज गेल्यास ताबडतोब बॅटऱ्यांवर यावे.

ड्राइव्हलाइन पोटाशी पट्ट्याने घट्ट धरून ठेवावी. दाराच्या कडीत अडकून बसलेला एक हिसकाही जखम उघडण्यास पुरतो. त्या जागी लाली, ओल वा दुखणे जाणवल्यास, अथवा ताप आल्यास, त्याच दिवशी रुग्णालयाला कळवावे. पोहणे कायमचे वर्ज्य आहे. आंघोळीची परवानगी मिळेपर्यंत अंग पुसून घ्यावे.

रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिनची गोळी चुकवू नये आणि मेथी-पालकाचे प्रमाण एकाएकी वाढवू वा घटवू नये. एमआरआय करता येत नाही. मनगटावर नाडी बहुधा लागत नाही व साधे बीपी मशीनही अनेकदा आकडा दाखवत नाही, हे जवळच्या डॉक्टरांना आणि शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे.