शितं कोणी निवडायची?

एका पोलीस ठाण्यात दहा कॅमेरे आहेत असं धरू. परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 रोजी आदेश दिला की देशातल्या प्रत्येक ठाण्यात कॅमेरे हवेत. हवालातीत, व्हरांड्यात, इन्स्पेक्टरच्या, म्हणजे आपल्या इंदुरी बोलीत टीआयच्या, खोलीतसुद्धा. चित्राबरोबर आवाजही टिपायचा आणि शक्यतो 18 महिने जपायचा. आता हिशोब करा. 18 महिन्यांचे तास होतात 13 हजारांवर, दहा कॅमेऱ्यांचे मिळून 1 लाख 30 हजारांवर. रोज 8 तास, एकही सुट्टी न घेता कोणी पाहत बसलं तर त्याला 45 वर्षं लागतील. हे एका ठाण्याचं झालं. इंदूर शहरात ठाणी 30हून जास्त आहेत.

मध्य प्रदेशातली ठाणी जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाशी जोडलेली आहेत म्हणून नोव्हेंबर 2025 मध्ये याच न्यायालयाने राज्याची वाखाणणी केली. ती रास्तच आहे. पण कॅमेरा चालू आहे की बंद हे कळणं निराळं आणि कॅमेऱ्यासमोर काय घडलं ते कळणं निराळं.

सगळं पाहणं अशक्य असेल तेव्हा संख्याशास्त्र नमुना घ्यायला सांगतं, आणि आपल्या आज्या शितावरून भाताची परीक्षा करायला सांगत. त्यामागचं गणित सोपं आहे. चित्रणातले 300 तुकडे चिठ्ठ्या टाकून काढले आणि एकातही गैरप्रकार सापडला नाही, तर बहुतेक खात्रीने म्हणता येतं की एकंदर चित्रणात गैरप्रकाराचं प्रमाण 1 टक्क्याहून जास्त नाही. 3 भागिले नमुन्यांची संख्या, एवढंच सूत्र. 60च तुकडे पाहिले तर ते 5 टक्क्यांहून जास्त नाही, एवढंच म्हणता येतं. मात्र हे सूत्र एका अटीवर उभं आहे: चिठ्ठी काढणारा हात बाहेरचा हवा. 300 तुकडे ठाण्यानेच निवडून दिले, तर 300 काय आणि 3,000 काय, त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

हा बाहेरचा हात कसा चालतो हे पाहायला अमेरिकेतलं ओकलंड बघावं. तिथल्या काही पोलिसांवर 2000 साली मारहाणीचे आणि खोटे पुरावे पेरल्याचे आरोप झाले. जानेवारी 2003 मध्ये शहराने संघीय न्यायालयात तडजोड केली: पोलीस खातं ठरलेल्या सुधारणा करेल आणि त्या झाल्या की नाही हे एक स्वतंत्र निरीक्षक तपासून न्यायाधीशांना कळवेल. निरीक्षक पोलिसांच्या हाताखालचा नाही, त्याचं मानधन मात्र शहर देतं. 5 वर्षांत आटपेल अशी अपेक्षा होती, पण देखरेख 20 वर्षांहून जास्त लांबली. काम संपेपर्यंत ज्याचं मानधन चालू राहतं त्याला काम संपवायची घाई कितपत असेल, हा टीकाकारांचा प्रश्न मला बिनबुडाचा वाटत नाही. तरी या देखरेखीमुळे एक गोष्ट झाली. पोलिसांनी कोणाला, कधी, का थांबवलं याच्या नोंदी होऊ लागल्या आणि शास्त्रज्ञांच्या हाती आकडे आले.

नुसत्या आकड्यांनी भागत नाही. थांबवलेल्यांत एका समाजाचे लोक जास्त आहेत, यावरून भेदभाव ठरत नाही. त्या वेळी रस्त्यावर कोण किती होते हे ठाऊक हवं, आणि ते कोणीच मोजलेलं नसतं. ग्रोगर आणि रिजवे या दोघा संशोधकांनी 2006 साली ओकलंडच्याच नोंदी घेऊन ही अडचण झकास ओलांडली. त्यांनी अंधाराची मदत घेतली. इंदूरमध्ये जूनअखेरीस सूर्य सव्वासातच्या सुमाराला मावळतो, नोव्हेंबरअखेरीस पावणेसहाच्या आधीच. म्हणजे संध्याकाळी साडेसहाला पलासिया चौराह्यावर जूनमध्ये लख्ख उजेड आणि डिसेंबरात काळोख. ऑफिसं सुटायची वेळ तीच, गर्दी साधारण तीच, बदलतो तो उजेड. पोलीस चेहरा किंवा पेहराव पाहून गाड्या अडवत असतील, तर त्या समाजाचा वाटा उजेडात जास्त आणि अंधारात कमी भरला पाहिजे. रस्त्यावर कोण किती होते, हे मोजायची गरजच उरत नाही. आपल्याकडे चौकातले दिवे ही चाचणी थोडी बिघडवतील, हे खरं.

ओकलंडमध्ये या चाचणीत भेदभावाचा फारसा पुरावा सापडला नाही. मग सगळं आलबेल होतं का? चाचणीने फक्त कोणाला अडवलं एवढंच विचारलं होतं. अडवल्यावर काय झालं, हा प्रश्न पुढे स्टॅनफर्डच्या जेनिफर एबरहार्ट आणि सहकाऱ्यांनी घेतला. एप्रिल 2014 मधल्या 981 प्रसंगांचं, 245 पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेलं बोलणं त्यांनी तपासलं. आधी काही वाक्यं माणसांना वाचायला दिली, समोरचा गोरा की काळा हे न सांगता, आणि त्यात आदर किती आहे ते विचारलं. त्या उत्तरांवरून संगणकाला शिकवून मग सगळं बोलणं मोजलं. 2017 मध्ये निष्कर्ष छापून आला: गोऱ्यांशी बोलताना भाषा अधिक आदराची होती, प्रसंग आणि गुन्ह्याचं स्वरूप जमेस धरूनही. शिवीगाळ नव्हती. फरक होता ‘सर’ म्हणण्यात, दिलगिरी व्यक्त करण्यात, ‘जपून जा’ म्हणण्यात. अहो आणि अरे यांतलं अंतर ज्याला कळतं त्या मराठी माणसाला हे वेगळं समजवायला नको.

पुढची गोष्ट तर एका रकान्याची आहे. ओकलंडच्या पोलिसांनी गाडी थांबवली की भरायच्या फॉर्मात एक प्रश्न वाढवला: ही कारवाई नेमक्या माहितीच्या आधारे केली का, हो की नाही? 2017 मध्ये सुमारे 32 हजार लोकांना थांबवलं होतं, पुढच्या वर्षी तो आकडा 19 हजारांवर आला. गुन्हे वाढले नाहीत.

आकड्यांना दुसरीही बाजू आहे. तक्रारी कमी होणं हीच सुधारणेची खूण ठरवली, तर तक्रार न लिहून घेणं हा सर्वांत स्वस्त उपाय होऊन बसतो. मध्य प्रदेशातल्या 180 ठाण्यांवर झालेला प्रयोग म्हणून मोलाचा. काही ठाण्यांना महिला मदत कक्ष दिले, काहींना दिले नाहीत, आणि निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक. 2022 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार कक्ष असलेल्या ठाण्यांत महिलांवरील अत्याचारांच्या नोंदी वाढल्या, विशेषतः जिथे कक्ष महिला पोलिसांकडे होता. वर्तमानपत्राच्या मथळ्यात हाच आकडा ‘गुन्हे वाढले’ म्हणून आला असता. राजस्थानात तर अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी ठाण्यांत बनावट तक्रारदार पाठवून पाहिले. आलेला माणूस खरा की परीक्षक हे न कळल्याने अंमलदार तक्रारी अधिक लिहून घेऊ लागले.

या तुलनेत आपल्या न्यायालयीन देखरेखीचा इतिहास कागदी आहे. प्रकाश सिंग खटल्यात 22 सप्टेंबर 2006 रोजी पोलीस सुधारणांसाठी सर्वोच्च न्यायालयाचे 7 निर्देश आले. पालनाची माहिती राज्यांनीच प्रतिज्ञापत्रांतून द्यायची. हे पालन तपासायला 2008 साली न्या. के. टी. थॉमस समिती नेमली गेली. चार दिशांची चार राज्यं नमुन्यादाखल पाहून 2010 मध्ये तिने राज्यांच्या उदासीनतेवर खेद नोंदवला. समितीच्या हाती अहवाल होता, अधिकार नव्हता.

कॅमेऱ्यांच्या 2020च्या आदेशाने देखरेखीचं काम जिल्हा समितीकडे दिलं आहे: विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि महापौर. न नोंदल्या गेलेल्या मानवी हक्कभंगांसाठी चित्रण तपासणं हे तिचं लिखित कर्तव्य आहे. ज्याची परीक्षा त्याचाच प्रतिनिधी परीक्षकांत बसला आहे, आणि कोणत्या ठाण्याचा, कोणत्या रात्रीचा तुकडा पाहायचा हे कसं ठरवावं याची रीत त्यात दिलेली नाही. इंदूरच्या समितीला त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही. दर महिन्याला महापौरांनी सर्वांसमक्ष ठाणं, कॅमेरा, तारीख आणि तास यांच्या चिठ्ठ्या काढाव्यात, आणि निघालेलं चित्रण त्याच दिवशी मागवावं. ते मिळालं नाही, तर ‘मिळालं नाही’ हीसुद्धा एक नोंद म्हणून मोजावी.