हाडे मऊ करणाऱ्या गाठीचा शोध : गॅलियम-६८ डोटाटेट पेट-सीटी

ट्यूमर-इन्ड्यूस्ड ऑस्टिओमलेशिया या आजारात एखादी लहानशी, बहुधा साधी, कर्करोग नसलेली गाठ एफजीएफ-२३ हे संप्रेरक रक्तात सोडत राहते. त्यामुळे फॉस्फेट लघवीवाटे वाहून जाते आणि ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूपही कमी तयार होते. हाडे मऊ पडतात, बरगड्यांना आणि खुब्याजवळ चिरा जातात, माणूस झुलत चालू लागतो. गाठ बहुतेकदा दुखत नाही, हाताला लागत नाही. म्हणून मणक्याचा आजार किंवा संधिवात समजून वर्षानुवर्षे उपचार चालतात. ती सापडून पूर्ण निघाली तर आजार बरा होतो.

ती शोधायला गॅलियम-६८ डोटाटेट पेट-सीटी, म्हणजे किरणोत्सर्गी द्रव्य टोचून काढलेला स्कॅन, वापरतात. पण स्कॅनआधी रक्त-लघवीचा पुरावा हवाच. प्रौढांत रक्तातले फॉस्फेट साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. इथे ते अनेकदा २ च्या खाली जाते, कॅल्शियम मात्र ठीक असते आणि अल्कलाइन फॉस्फेटेज हे हाडांशी संबंधित विकर वाढलेले. फॉस्फेटचे औषध थांबवून, उपाशीपोटी एकाच वेळी रक्त आणि लघवी घेऊन टीएमपी/जीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती फॉस्फेट राखून ठेवते याचा आकडा, काढतात. तो कमी आला म्हणजे गळती मूत्रपिंडातूनच आहे. टेनोफोव्हिर, अडेफोव्हिर ही विषाणूविरोधी औषधे आणि शिरेतून दिलेले फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज हे लोहाचे औषध यांनीही फॉस्फेट गळते. औषधांची यादी न विचारता स्कॅन लिहून देणे ही मोठी चूक.

या गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे ग्राहक (रिसेप्टर), विशेषतः दुसऱ्या प्रकारचे, दाटीने असतात. सोमॅटोस्टॅटिनसारखा रेणू असलेले डोटाटेट त्यांना चिकटते आणि त्याला जोडलेले किरणोत्सर्गी गॅलियम-६८ जागा दाखवते. नेहमीच्या पेट स्कॅनमधली किरणोत्सर्गी साखर, एफडीजी, पेशींची साखरेची भूक दाखवते. या संथ गाठींत ती कमी असल्याने एफडीजी स्कॅन कोरा येऊ शकतो. एफडीजी बनवायला सायक्लोट्रॉन हे मोठे यंत्र लागते. गॅलियम मात्र विभागातच, जर्मेनियम-६८ च्या जनरेटरमधून, म्हणजे जर्मेनियमपासून गॅलियम देत राहणाऱ्या उपकरणातून, काढता येते. जर्मेनियमचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे उरायला लागणारा वेळ, २७१ दिवस, गॅलियमचे अवघे ६८ मिनिटे. पावसात लोकल खोळंबून रुग्णाला दोन तास उशीर झाला, तर तयार मात्रेचा जेमतेम ३० टक्के भाग उरतो. लांबून येणाऱ्याला म्हणूनच वेळ बजावून सांगावी लागते.

उपाशी राहण्याची गरज नसते. ऑक्ट्रिओटाइड हे सोमॅटोस्टॅटिनसारखे औषध चालू असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने साधे इंजेक्शन एक दिवस, दीर्घ परिणामाचे सुमारे महिनाभर आधी थांबवतात. सुमारे ३ ते ५ मिलिक्युरी मात्रा शिरेतून देतात, भरपूर पाणी पाजतात, तासाभराने लघवी करवून स्कॅन घेतात.

शरीराचा किती भाग स्कॅन करायचा, इथेच सर्वांत जास्त गाठी निसटतात. कर्करोगाच्या नेहमीच्या स्कॅनची पट्टी कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंतच असते, आणि या गाठी तर पायात, तळव्यात, जबड्यात, नाकालगतच्या पोकळ्यांत दडतात. डोक्याच्या टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत, दोन्ही हातांसकट स्कॅन हवा, आणि तसे चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे. तंत्रज्ञ चिठ्ठी वाचूनच पट्टी ठरवतो.

स्कॅन वाचताना याच्या उलट चूक होते, नसलेली गाठ दिसते. भरून येणारे फ्रॅक्चर, सुजलेला सांधा, दाताच्या मुळाशी झालेला संसर्ग हेही चमकतात. प्लीहा, अधिवृक्क ग्रंथी, पिट्युटरी आणि स्वादुपिंडाचे डोके तर एरवीही उजळ असतात. बरगड्यांवर ओळीने फिके ठिपके दिसले तर त्या बहुधा चिराच असतात. एकच गडद ठिपका मोलाचा. त्या जागेचा एमआरआय काढून गाठीचा आकार आणि कडा पाहतात. दोन संशयित जागा असतील तर त्या-त्या भागाच्या शिरांतून रक्त घेऊन एफजीएफ-२३ ची तुलना करतात.

शस्त्रक्रियेत भोवतालच्या निरोगी ऊतीसह गाठ काढतात. नुसती खरवडली तर ती परत येते. पूर्ण निघाल्यास फॉस्फेट काही दिवसांत सुधारते, हाडे भरायला कित्येक महिने लागतात. पुढे फॉस्फेट पुन्हा घसरले, तर शोध आधी जुन्या जागेपासूनच सुरू करतात.