थरयुक्त पदार्थांतील अतिसंवाहकता आणि चुंबकत्व

काही पदार्थ पुरेसे थंड केले की त्यांचा विद्युत रोध पार नाहीसा होतो. ही अतिसंवाहकता १९११ साली लायडन येथे कामरलिंग ओनेस यांना पाऱ्यात, ४.२ केल्विनला (सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअसला) आढळली. १९३३ मध्ये माइसनर आणि ओक्सेनफेल्ड यांनी दाखवले, की अतिसंवाहक आपल्या पोटातले चुंबकी क्षेत्र बाहेर ढकलतो. त्यामुळे अतिसंवाहकता आणि चुंबकत्व यांचे हाडवैर आहे असेच बराच काळ मानले गेले.

वैराचे मूळ इलेक्ट्रॉनांच्या जोडीत आहे. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन दोन-दोनच्या जोडीने, म्हणजे कूपर जोडीने, वाहतात. जोडीतील दोघांचे स्पिन, म्हणजे त्यांचे अंगभूत इवले चुंबक, सहसा विरुद्ध दिशांना असतात. चुंबकी अणू ते एका दिशेला वळवू पाहतो आणि जोडी फुटते. लँथॅनम या अतिसंवाहक धातूमध्ये शेकडा एक अणू गॅडोलिनियम या चुंबकी मूलद्रव्याचे मिसळले, तरी अतिसंवाहकता संपते. पण इट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइडात इट्रियमच्या जागी सगळे गॅडोलिनियमच बसवले, तरी तो पदार्थ ९० केल्विनच्या वरच अतिसंवाहक होतो! फरक पडतो तो थरांमुळे. कोल्हापुरी चपलेच्या तळव्यात जमिनीला घासणारे चामडे वेगळे, पायाला लागणारे वेगळे, तसे इथे जोड्या तांबे-ऑक्सिजनच्या थरांत वावरतात आणि गॅडोलिनियम त्यांच्यामधल्या थरात बसते. जोड्यांशी त्याचा संबंध फार क्षीण असतो.

या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण बोरोकार्बाइडांचे, आणि ते आपल्याकडचे आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आर. नागराजन व सहकाऱ्यांनी इट्रियम-निकेल-बोरॉन-कार्बन संयुगातील अतिसंवाहकता १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. इट्रियमऐवजी होल्मियम हे चुंबकी मूलद्रव्य घेतले, तर सुमारे ८ केल्विनला अतिसंवाहकता येते, ५ केल्विनच्या आसपास ती खचते, आणि आणखी थंड केल्यावर पुन्हा उभी राहते. होल्मियमच्या एका थरातले सगळे अणुचुंबक एकाच दिशेला तोंड करतात. ५ केल्विनच्या खाली शेजारच्या थराचे तोंड बरोबर उलट असते, म्हणून अनेक थरांवर पसरलेल्या जोडीला सरासरी चुंबकत्व जवळजवळ शून्यच जाणवते. त्याच्या किंचित वर मात्र प्रत्येक थर आधीच्या थरापासून अर्ध्या फेऱ्याहून थोडा कमी वळलेला असतो. ही आणि हिच्याबरोबरची इतर अर्धवट रचना जोड्यांना सोसत नाही. म्हणजे चुंबकत्व किती प्रबळ यापेक्षा त्याची मांडणी कशी, हे निर्णायक ठरते.

लोहयुक्त अतिसंवाहकांची चर्चा २००८ नंतर वाढली. त्यांतल्या रुबिडियम-युरोपियम-लोह-आर्सेनिक संयुगात सुमारे ३६ केल्विनला अतिसंवाहकता येते. १५ केल्विनखाली चुंबकी युरोपियमच्या थरांची तोंडे थरागणिक पाव फेरा वळत जातात, तरीही ती टिकते.

असे थर हातानेही रचता येतात. शिवाजी विद्यापीठात पातळ फिल्मांवर अनेक वर्षे काम चालले आहे, त्यामुळे कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला ही वाट परकी वाटू नये. नायोबियमच्या दोन थरांमध्ये तांबे-निकेल या चुंबकी मिश्रधातूचा थर घातला आणि त्याची जाडी योग्य राखली, तर थंड करताना मधून वाहणाऱ्या अतिप्रवाहाची, म्हणजे रोधाविना वाहणाऱ्या प्रवाहाची, दिशाच उलटते. हे २००१ मध्ये प्रयोगाने दाखवले गेले.